रावसाहेब एस.टी.ने आले

माझ्या वडिलांनी उभ्या नोकरीत एक शब्द जेवढ्या वेळा उच्चारला, तेवढ्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल. तो शब्द म्हणजे ‘रावसाहेब’. धुळ्याच्या मामलेदार कचेरीत ते अव्वल कारकून होते. मामलेदार म्हणजे तालुक्याचा मालक, आणि त्याला रावसाहेब म्हणायचं हा तिथला रिवाज. मामलेदार बदलत राहिले, नाना तिथेच राहिले. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. नवा येणारा साहेब दरवेळी वयाने आणखी लहान असायचा. शेवटचे जे आले त्यांना मिसरूडही नीट फुटलेलं नाही असं आई म्हणाली, तर नाना तिच्यावर खवळले. “वयाचा काय संबंध? मी खुर्चीला म्हणतो.”

ती खुर्ची नानांना कधी मिळाली नाही. खात्याची परीक्षा ते पास झाले होते, बढतीच्या यादीत नाव दोनदा आलं होतं. एकदा यादीच रद्द झाली, दुसऱ्या खेपेला वरून कुणीतरी बदलून आलं, आणि तिसऱ्या खेपेपर्यंत निवृत्तीचं वय झालं. घरी याबद्दल ते चकार शब्द बोलत नसत. पण निवृत्तीच्या दिवशी मिळालेला नारळ त्यांनी फोडू दिला नाही. तो कोनाड्यात वाळत राहिला आणि शेवटी आईने कंटाळून टाकून दिला.

नानांना इतिहासाचा नाद होता. रविवारी सकाळी चहा झाला की ते ‘राव’ या शब्दाची उलटतपासणी सुरू करायचे, आणि मी समोर सापडले की माझी सुटका नसायची. राव म्हणजे मुळात राजाच, ते सांगायचे. राजा हा शब्द लोकांच्या तोंडी झिजत झिजत राय झाला, राव झाला. आधी तो सिंहासनावर बसणाऱ्याचा होता. मग राजाने खूश होऊन सरदारांना वाटला, सरदारांकडून तो देशमुख-पाटलांकडे आला, आणि पुढे प्रत्येक जावयाच्या नावाला शेपूट म्हणून लागला. “आता तर पानाच्या ठेल्यावर कुणीही कुणालाही म्हणतो, काय राव! म्हणजे बघ, राजा कुठून कुठे आला.”

इंग्रजांनी हा झिजलेला शब्द उचलला, त्याला साहेब जोडला आणि पुन्हा चकचकीत करून विकायला काढला, असं नानांचं म्हणणं. सरकारशी इमान राखणाऱ्याला ‘रावसाहेब’ ही पदवी, वर सनद आणि पदक. धरणगावला जिनिंग फॅक्टरी असलेल्या एका मारवाडी शेठजींना ती मिळाली होती. दाराच्या पितळी पाटीवर ती कोरलेली. स्वातंत्र्य आलं तेव्हा शेठजींनी स्वतः कानशीने घासून ती अक्षरं काढली, कारण आता ती मिरवायची लाज वाटू लागली होती. पण स्टेशनवरच्या टांगेवाल्यांना कुणी काही कळवलं नव्हतं. ते पुढे कितीतरी वर्षं ‘रावसाहेबांचा बंगला’ असंच म्हणत राहिले. नानांना ही गोष्ट फार आवडायची, आणि सांगताना ते कानस घासल्याचा आवाजही काढून दाखवायचे.

“आणि तुला ठाऊक आहे का,” ते म्हणायचे, “आपला अख्खा मुलूखच एका पदवीवर उभा आहे. इथल्या राज्यकर्त्यांना गुजरातच्या सुलतानाने खान म्हटलं, म्हणून खानदेश.” कान्हदेश म्हणणारेही आहेत, हे मी मुद्दाम म्हणायचे, आणि मग आमचं जुंपायचं.

मला या सगळ्याचा वैताग यायचा, हे कबूल करते. ज्या शब्दाने या माणसाला आयुष्यभर वाकायला लावलं, त्याचं त्याला एवढं कौतुक का? एकदा मी हे तोंडावर बोलले. नाना चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “शब्दाचा काय दोष? तो बिचारा ज्याच्याकडे जाईल त्याचा होतो.”

सत्तर सालाच्या आगेमागे मी परीक्षा देऊन नायब तहसीलदार झाले. त्याच सुमाराला सरकारने संस्थानिकांच्या पदव्या काढून घेतल्या. नानांनी ती बातमी मोठ्याने वाचली, पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “राजे गेले. रावसाहेब मात्र राहिले.” त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. चारेक वर्षांनी मला तहसीलदार म्हणून सातपुड्याच्या पायथ्याचा एक तालुका मिळाला. तोवर मामलेदार हा हुद्दाच कायद्याने तहसीलदार झाला होता. हाक मात्र जुनीच होती.

पण ती हाक माझ्या वाट्याला येईना. लोकांचा माझ्यासमोर आल्यावर जो गोंधळ उडायचा तो पाहून हसावं की डोकं आपटावं कळत नसे. अर्जावर ‘मेहेरबान रावसाहेब यांस’ लिहिलेलं असायचं, अर्जदार खोलीत यायचा, खुर्चीत मला पाहायचा आणि अदबीने अहिराणीत विचारायचा, “बाईसाहेब, रावसाहेब कव्हय येतीन?” कचेरीतले लोक मॅडम म्हणत. बाजारात अक्का, पोरसवदा कंडक्टर ताई. माझं काही अडत नव्हतं. सही माझी चालत होती, हुकूम माझा निघत होता. मला काय म्हणतात याने मला ढिम्म फरक पडत नाही, असं मी नानांना पत्रात लिहिलं.

त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. “मला पडतो. आठ दिवस येतो आहे.”

नाना आले ते काळा कोट, टोपी आणि छत्री घेऊन. निवृत्तीनंतर तो कोट त्यांनी घातलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, “तुला कुणीतरी रावसाहेब म्हणताना एकदा कानांनी ऐकायचं आहे. ते ऐकलं की मी जातो.” आणि दुसऱ्या दिवसापासून ते कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर, अर्जदारांच्या रांगेत, कान टवकारून बसू लागले. पाच दिवस गेले. बाईसाहेब, मॅडम, अक्का. एका म्हाताऱ्याने तर आशीर्वाद देताना बेटा म्हटलं. रोज संध्याकाळी नाना ताटात अर्धी भाकरी ठेवून उठायचे, आणि मला पहिल्यांदाच त्या शब्दाची गरज वाटू लागली. स्वतःसाठी नव्हे. एक म्हातारा माणूस माझ्या दारातून तो न ऐकताच परत धुळ्याला जाणार, हे मला सहन होईना.

सहाव्या दिवशी माझी स्थळपाहणी होती. शेतातून जाणारी गाडीवाट कुणी अडवली, तर तो दावा तहसीलदारापुढे चालतो, आणि जागेवर जाऊन पाहणी करावी लागते. डोंगराच्या कुशीत एक पाडा होता. कोरडवाहू शेती, डिंक, चारोळी आणि मजुरी यांवर जगणारी वीस-पंचवीस घरं. त्यांची बाजाराला जाण्याची गाडीवाट खालच्या गावातल्या एका बागायतदाराच्या बांधावरून जात होती. त्याने ती नांगरून टाकली, नाल्यापाशी बाभळीचे काटे रचले, आणि इथे वाट कधी नव्हतीच असं लिहून दिलं. गावातले पंच त्याच्या बाजूने बोलत. पाड्यावरच्यांकडे कागद नव्हता.

“मी येऊ?” नानांनी विचारलं. “लांबून बघेन.”

“चला की जीपमधून.”

नाना ताडकन म्हणाले, “सरकारी गाडीत सरकारचं माणूस बसतं. मी आता सरकारचा नाही.” आणि पहाटेची पहिली एस.टी. पकडून ते एकटेच पुढे गेले. त्यांच्याशी वाद घालण्यात कधीच अर्थ नव्हता.

मी उशिरा निघाले. माझा कारकून तापाने पडला होता. तलाठी नकाशा आणायला दुसऱ्या गावी गेले होते, ते परस्पर येणार होते. गाव तीन मैल राहिलं असताना जीपचं चाक पंक्चर झालं, आणि स्टेपनीतही हवा नव्हती. ड्रायव्हर आणि शिपाई जॅक लावून बसले, आणि मी चालत सुटले. तासाभराच्या फुफाट्यानंतर गावात शिरले तेव्हा माझ्या साडीचा मूळ रंग मलाही सांगता आला नसता.

पोलीस पाटलांच्या ओसरीवर ही गर्दी. मधोमध लाकडी खुर्ची, खुर्चीत काळा कोट आणि टोपी, गळ्यात झेंडूचा हार. नाना! समोर पोलीस पाटील हात जोडून उभे होते. जीप असून एस.टी.ने आलेल्या साहेबाचं कौतुक गर्दीतला एकजण दुसऱ्याला सांगत होता, “घरनी जीप राहीसन येष्टीमा उनात! असा रावसाहेब दखा नही कव्हय.”

काय झालं असणार ते माझ्या लक्षात आलं. गावाला नोटीस गेली होती की तहसीलदार येणार. मला रुजू होऊन दीड-दोन महिनेच झाले होते, त्या बाजूला मी अजून फिरकले नव्हते, नोटिशीवर हुद्दा आणि माझी कुणालाही न लागणारी सही. सकाळच्या एस.टी.तून काळा कोट उतरला. आणखी काय हवं होतं?

मी पुढे होऊन तोंड उघडणार, एवढ्यात नानांची आणि माझी नजरानजर झाली. त्यांच्या डोळ्यांत चोरी पकडली गेलेल्या माणसाची भीती होती आणि त्यामागे आणखी काहीतरी होतं. विनंती होती. मी तोंड मिटलं.

“कोण शेतस अक्का तुमी?” पाटलांनी विचारलं. मी म्हटलं, “यांची मुलगी.” ते काही खोटं नव्हतं. पाटील लगेच बाजूला झाले. “मझार चाला अक्का, बायास्मा बठा. बाहेर रावसाहेबनं काम चालू शे.” आणि तालुक्याची तहसीलदार निमूटपणे स्वयंपाकघरात गेली. आत जाताना माझ्या रागाचा पारा चढलाच होता, खोटं कशाला सांगू? पण दाराआडून नानांचा आवाज आला. पाड्यावरची माणसं उन्हात लांब उभी होती. नाना म्हणत होते, “आधी त्यांना वर घ्या. सतरंजीवर सगळे बसतील, मग बोलणं.” ओसरीवर जरा चुळबुळ झाली. मग सतरंजी ओढल्याचा आवाज आला. त्यानंतर पाड्यावरचा एक म्हातारा बोलू लागला, “रावसाहेब, बिमार मानूसले गाडीमा घालीसन कोठून लई जावो?” माझा राग तिथेच निम्मा उतरला.

आत रावसाहेबांसाठी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी चालल्या होत्या. पाटलीणबाई, तिच्या सुना, आणि चुलीपाशी एक थकलेली पण खणखणीत आवाजाची आजी. पाटलीणबाईने ओळख करून दिली. वाट अडवणाऱ्या बागायतदाराची ती आई. मदतीला आली होती.

रावसाहेबांच्या मुलीला कुणी घाबरत नाही. माझं लग्न, माझी मुलं, सासू जिवंत आहे का, सगळी चौकशी झाली. मग लग्नांवर गाडी आली आणि आजी रंगात आली. तिचं माहेर डोंगराच्या अंगाला, पाड्याच्याही पलीकडे. “मी नवरी व्हयीसन उनू ना, तव्हय नालावर गाडी अडकनी,” ती सांगू लागली. “बैल काही हालेत नही. बठ्ठा वऱ्हाड उतरनं. तठे खडकमा चाकनी चाकोरी पडेल शे, वीतभर खोल. त्यामा चाक बसनं ते निंघे नही.” सगळ्या बायका हसल्या. ही गोष्ट त्यांनी शंभर वेळा ऐकली असणार.

मी हसले नाही. खडकात वीतभर चाकोरी पडायला किती गाड्या जाव्या लागतात? “आजी, ती चाकोरी अजून आहे?”

आजीने भाकरी उलटली. माझ्याकडे नीट पाहिलं. मग सावकाश म्हणाली, “खडक कोठे जाई? आते मना पोऱ्यानी त्यावर काटा टाकी दिनात.” आणि पुन्हा पीठ मळू लागली. ती भाबडेपणाने बोलली की जाणूनबुजून, हे मी आजवर ठरवू शकले नाही. मला वाटतं, जाणून. तिचा जबाब मात्र मी कुठेच लिहिला नाही. तिला त्याच घरात राहायचं होतं. कुठल्याही मामलेदाराला, ओसरीवर बसून, ही साक्ष मिळाली नसती.

थोड्या वेळाने सगळे पाहणीला निघाले. पुढे नाना, शेजारी बागायतदार, मागे पंच, मग पाड्यावरचे लोक, आणि शेवटी मी. बागायतदार सारखा बोलत होता, “रावसाहेब, आठे वाट कव्हयच नव्हती. दखा ना, नुसतं वावर शे.” नाना नुसते हुंकार देत होते. नाल्यापाशी काट्यांचा ढीग पुरुषभर उंच होता.

“हे काटे बाजूला करा,” मी म्हटलं.

कुणी हललं नाही. बागायतदार समजुतीने हसला. “अक्का, तुमी सावलीमा बठा. रावसाहेब सांगतीन काय ते.”

आणि सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांनी नुसतं “काढा” म्हटलं असतं तरी काटे निघाले असते. काम झालं असतं, नाना रावसाहेब म्हणूनच एस.टी.त चढले असते, आणि त्या गावाने त्यांची आठवण काढली असती. ते असंच म्हणतील असं मला वाटलं. मी त्यांना दोष दिला नसता.

नानांनी गळ्यातला हार काढला आणि पाटलांच्या हातात दिला. कोटाची बटणं लावली. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले, थोडे वाकून, दोन्ही हात पुढे बांधून, जसे ते उभ्या जन्मात प्रत्येक मामलेदारापुढे उभे राहिले होते.

“रावसाहेब,” ते मला म्हणाले, “काटे काढले की पंचनामा लिहावा लागेल. आपला कारकून आलेला नाही. हरकत नसेल तर कागद मी धरतो.”

पोलीस पाटील हारासकट पुतळा झाले. मी माझं पेन त्यांच्यापुढे धरलं. “लिहा, भाऊसाहेब.” कचेरीत साहेब कारकुनाला असंच म्हणतात. वडिलांना मी ते कधी म्हटलं नव्हतं.

मग मात्र सगळी धावपळ झाली. पाड्यावरच्या तरण्या माणसांनी काठ्यांनी ढीग ओढून काढला. खाली चिखल बसलेला होता, कुणीतरी नाल्यातून घागरभर पाणी आणून ओतलं. चिखल वाहून गेला आणि काळ्या खडकात दोन समांतर चाकोऱ्या दिसू लागल्या, खोल आणि गुळगुळीत. बागायतदार त्यांच्याकडे बघत राहिला. पंचांपैकी एकजण हळूच म्हणाला, “शे भो. वाट शे.” तेवढ्यात नकाशा घेऊन तलाठी धावत आले, आल्या आल्या मला जुन्या सवयीने “नमस्कार रावसाहेब” म्हणाले, आणि सगळे आपल्याकडे असे का बघताहेत ते त्यांना कळेना.

नाना जमिनीवर मांडी घालून लिहीत होते. त्यांचं ते मोत्यासारखं अक्षर. पंचांच्या सह्या-अंगठे झाले, त्यांनी कागद दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, आणि मी उभ्यानेच सही केली. पाड्यावरचा म्हातारा बराच वेळ माझ्या आसपास घुटमळत होता. मला काय म्हणावं हे त्याचं ठरत नसावं. शेवटी त्याने दोन्ही जोडून टाकलं. “रावसाहेब अक्का, आते गाडी जाई ना?”

“जाईल,” मी म्हटलं. पुढच्या आठवड्यात तसा हुकूम काढला, आणि गाडी गेलीही. त्या तालुक्यात होते तोवर डोंगराकडची माणसं मला रावसाहेब अक्काच म्हणत.

परतताना नाना अर्थातच जीपमध्ये बसले नाहीत. मीही जीप पुढे पाठवून दिली आणि फाट्यावर त्यांच्यासोबत पाच वाजताच्या एस.टी.ची वाट बघत थांबले. गाडी आली, आम्हाला मागची सीट मिळाली.

“रागावलीस?” नानांनी विचारलं.

“सकाळीच त्यांना खरं सांगितलं का नाही, नाना?”

“सांगणार होतो. त्यांनी हार घातला, रावसाहेब म्हणाले. वाटलं, एकदा ऐकून तर घेऊ. मग म्हटलं, आणखी एकदा.” ते ओशाळून हसले. “कुणाचं नुकसान झालं नाही ना?”

“नाही. उलट फायदाच झाला. पण मग कसं वाटलं ऐकताना?”

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गाडी खड्ड्यांतून आदळत होती, पुढच्या सीटवर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती.

“बरं वाटलं,” ते म्हणाले. “खोटं नाही बोलत, फार बरं वाटलं. पण तीस वर्षं तो शब्द मी पोटासाठी म्हणत आलो. आज पहिल्यांदा मनापासून म्हटला. त्या म्हणण्याची सर ऐकण्याला नाही आली.”

मी त्यांचा हात हातात घेतला. बोटांना शाई लागलेली होती. तहसीलदाराने भर एस.टी.त रडू नये हे मला माहीत होतं, पण रडले.